तुमच्या पत्रातला ता. क.

प्रश्न : माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. दहा महिन्यांपूर्वी त्यांचा डावा हात थरथरायला लागला. हात मांडीवर नुसता ठेवलेला असला तरी अंगठा आणि बोटं हलत राहायची. डॉक्टरांनी तपासून पार्किन्सन, म्हणजे कंपवात, असल्याचं सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. डोस दोनदा वाढवला. पाच महिने झाले, काडीचाही फरक नाही. उलट आता डावा पाय घासत चालतात. मेंदूचा एमआरआय झालेला नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की गरज नाही. मध्यंतरी माझ्या वाचनात आलं की क्वचित मेंदूतल्या गाठीमुळेही असा कंप येतो. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. घरचे म्हणतात, नको ते वाचत बसू नकोस. डॉक्टरांना पुन्हा विचारावं तर त्यांना वाटेल, आमचा त्यांच्यावर विश्वास नाही. खरंच असं असू शकतं का? आणि यांना मी काय सांगू?
ता. क. : हल्ली ते फार गप्प असतात. दोन महिने झाले, रोज सकाळी डोकं दुखतं म्हणतात. पण ते आजाराच्या टेन्शनमुळे असेल.

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं ते ता. क. पासून. जे तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत, ते तुमच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी ऐकायला हवं. म्हणून आधी सरळ उत्तर देते. हो, असं असू शकतं. शक्यता कमी आहे. पण तुम्ही लिहिलेलं सगळं एकत्र धरलं तर एमआरआय करून घ्यायला हवा, आणि त्यासाठी पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायला हवं.

आता हे 'कमी' म्हणजे काय ते सांगते, कारण तुमची झोप त्या एका शब्दावर अडकली आहे. मेंदूतली गाठ बहुतेक वेळा वेगळ्या वाटांनी समोर येते : कधी न आलेली फिट येते, डोकेदुखी वाढत जाते, एका हातापायातली ताकद जाते, बोलताना शब्द सापडत नाहीत, नजर अधू होते, स्वभाव बदलतो. नुसता कंप, हातपाय पिळवटणं किंवा हालचाल मंदावणं हे गाठीचं पहिलं लक्षण असणं खरोखरच विरळ. उलट बाजूनं बघितलं तरी तेच. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यातल्या बहुतेकांना घराण्यात चालत आलेला साधा कंप असतो, पार्किन्सन असतो, थायरॉइड वाढलेलं असतं, नाहीतर एखाद्या औषधाचा परिणाम असतो. हात थरथरणाऱ्या प्रत्येकानं धावत जाऊन मेंदूचं स्कॅन करावं असं मी कधीच म्हणणार नाही.

औषधांचं निघालंच आहे तर तेवढं एक घरी आजच बघा. मळमळीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड, चक्कर येते म्हणून कुणी महिनोन्‌महिने घेत राहतं ते सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मानसिक आजारांवरची काही औषधं : यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र तयार होतं. फिटवरचं व्हॅल्प्रोएट आणि दम्याचं साल्ब्युटॅमॉल यांनी हात थरथरू शकतो. यजमान यांपैकी काही घेत असतील, अगदी अधूनमधून घेत असतील, तरी डॉक्टरांना सांगा. लोक 'ती तर साधी चक्करची गोळी' म्हणून सांगत नाहीत, आणि कारण तिथेच सापडतं.

गाठीमुळे कंप कसा येतो हे समजून घ्यायला थोडं मागे जाऊ या. १८९३ साली पॅरिसमध्ये पॉल ब्लॉक आणि जॉर्ज मॅरिनेस्को या दोन डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याच्या शरीराच्या फक्त डाव्या बाजूला पार्किन्सनसारखा कंप होता. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा उजव्या बाजूला, मेंदूच्या देठापाशी, एक गाठ निघाली. मेंदूची उजवी बाजू अंगाची डावी बाजू चालवते, म्हणून उलट बाजूला. ती क्षयरोगाची गाठ होती, कर्करोगाची नव्हे. पण ती बसली होती नेमकी 'सब्स्टॅन्शिया नायग्रा' नावाच्या काळसर पट्ट्यावर. पार्किन्सनचं मूळ याच पट्ट्यात असावं, हा विचार पुढे त्या एका रुग्णावरूनच मांडला गेला, आणि १९१९ मध्ये कॉन्स्टंटिन ट्रेट्याकॉफ यांनी पार्किन्सनच्या रुग्णांचे मेंदू तपासून तो पक्का केला. म्हणजे पार्किन्सनचा पत्ता वैद्यकशास्त्राला मिळाला तोच एका गाठीमुळे. तुम्ही वाचलंत ती कुणाची तरी भलतीच शंका नाही. ती सव्वाशे वर्षं जुनी, नोंदलेली गोष्ट आहे. तुम्हाला 'नको ते वाचतेस' म्हणणाऱ्यांना हे खुशाल सांगा.

मेंदूच्या खोल भागात राखाडी पेशींचे काही पुंजके आहेत. त्यांना मिळून बेसल गँग्लिया म्हणतात. हात उचल ही आज्ञा ते देत नाहीत. ती मेंदूच्या वरच्या थरातून येते. हालचाल किती जोरात व्हावी, कधी सुरू व्हावी, नको ती कशी दाबून ठेवावी, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. मेंदूचा पुढचा भाग, हे पुंजके, थॅलॅमस नावाचं संदेश पुढे पाठवणारं केंद्र आणि परत पुढचा भाग असा संदेशांचा एक फेरा सतत चाललेला असतो. या फेऱ्यात कुठेही अडथळा आला की हालचाल बिघडते. कुठे आला यावर बिघाडाचा प्रकार ठरतो : कुणाचा हात थरथरतो, कुणाचा पिळवटतो, कुणाचं अर्धं अंग आपोआप फेकल्यासारखं हलतं, कुणी नुसतंच मंद होतं.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला आजही विचारात पाडते. ज्यांची गाठ थेट या पुंजक्यांमध्येच असते, त्यांच्यातही बहुतेकांना असा हालचालीचा बिघाड होत नाही. याचं एक कारण असं की तिथून अगदी खेटूनच हातापायांना आज्ञा नेणाऱ्या तंतूंचा जाड जुडगा जातो. गाठ वाढली की तोही दाबला जातो आणि हातातली ताकद जाते; लुळा पडलेला हात थरथरणार कसा? शिवाय गाठ सावकाश वाढत असेल तर मेंदू बराच काळ सावरून घेतो.

याच्या उलट, काही वेळा गाठ या पुंजक्यांपासून चांगली लांब असते आणि तरी पार्किन्सनसारखं चित्र उभं राहतं. मेनिंजिओमा ही मेंदूच्या आवरणातून निघणारी गाठ याचं सगळ्यात ठळक उदाहरण. ती बहुधा साधी असते, म्हणजे कर्करोगाची नसते, आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. कपाळामागच्या भागात ती मोठी झाली की मेंदूला बाहेरून रेटते. त्या रेट्यानं खोलवरचे पुंजके दबतात, त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या ताणल्या जातात, किंवा तो मघाचा फेरा पुढच्या टोकालाच तुटतो. हे तुम्हाला इतक्या तपशिलात सांगायचं कारण म्हणजे गाठीमुळे होणाऱ्या पार्किन्सनसारख्या त्रासात हा प्रकार बरा होण्यासारखा आहे. गाठ काढल्यावर कंप आणि मंदपणा बराच कमी झाल्याची, कधी पूर्ण गेल्याची, उदाहरणं वैद्यकीय नोंदींत वारंवार आढळतात. हे शोधायला हवं ते याच्यासाठी.

आता तुमच्या यजमानांकडे येते. कंप कसा आहे याच्याइतकंच, तो कुणाच्या सोबतीनं आलाय आणि कसा पुढे सरकतोय, हे बघावं लागतं.

डावीकडेच आहे, याची एकट्याची मला काळजी वाटत नाही. खरा पार्किन्सन जवळजवळ नेहमी एका बाजूनंच सुरू होतो. हात विसावलेला असताना थरथरणं, हेही पार्किन्सनचंच वळण आहे. पहिल्या भेटीत तुमच्या डॉक्टरांनी जे निदान केलं ते त्या वेळी दिसणाऱ्या चित्राला धरून होतं. योग्य वयात, नेहमीच्या वळणाचा पार्किन्सन असेल तर निदान तपासणीवरच होतं. स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. ते चुकले असं मला वाटत नाही. चित्र नंतर बदललं आहे, आणि ते बदललेलं चित्र कदाचित त्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेलंच नाही.

गोळ्यांनी फरक न पडणं महत्त्वाचं आहे, पण इथे एक गोष्ट तपासून घ्या. गोळीत लिव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनवरचं मुख्य औषध, आहे ना, आणि दिवसाचा एकूण डोस किती होतो? पार्किन्सनच्या निदानाचे जे आंतरराष्ट्रीय निकष २०१५ मध्ये ठरले, त्यांत आजार मध्यम किंवा त्याहून जास्त असतानाही दिवसाला किमान ६०० मिलिग्रॅम लिव्होडोपा देऊन काहीच फरक दिसत नसेल, तर निदानाचा फेरविचार करावा असं आहे. तुमच्या यजमानांचा डोस ३०० असेल तर 'गोळी लागू पडत नाही' म्हणणं घाईचं होईल. शिवाय कंप हे लक्षण खऱ्या पार्किन्सनमध्येही कधी कधी गोळीला दाद देत नाही. मंदपणा आणि ताठरपणा आधी सुधारतात. म्हणून हात थरथरतोय की नाही एवढंच न बघता, शर्टाची बटणं लावायला, कूस बदलायला लागणारा वेळ कमी झाला का ते आठवा. दुसरीकडे, गाठीमुळे झालेल्या त्रासातही काहींना लिव्होडोपानं थोडा आराम पडतो, त्यामुळे गोळी लागू पडली म्हणजे गाठ नाहीच, असाही अर्थ होत नाही.

पाय घासण्याचं नीट बघायला हवं. पार्किन्सनमध्ये पाऊल आखूड पडतं, पाय पूर्ण उचलला जात नाही, पण ताकद शाबूत असते. तुमच्या यजमानांच्या पायातली ताकदच कमी होत असेल, चवड्यातून पाय लुळा पडत असेल, तर ते पार्किन्सनचं काम नाही. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून आणि तळपायावर रेघ ओढून हे ओळखतात. मागच्या भेटीनंतर ही तपासणी पुन्हा झाली आहे का?

आणि तो ता. क. रोज सकाळी डोकं दुखणं, तेही दोन महिने, आणि आधी तसं नव्हतं. गप्प होत जाणं. तुम्ही दोन्ही टेन्शनच्या नावावर टाकलंत, आणि तसं असूही शकतं. डोकेदुखीची शंभर साधी कारणं असतात, पार्किन्सनमध्येही माणूस उदास आणि अबोल होतो. पण कपाळामागच्या भागातली गाठ नेमकी अशीच दबक्या पावलांनी येते. माणूस चिडत नाही, तक्रार करत नाही. नुसता विझत जातो. आवडत्या गोष्टीही 'राहू दे' म्हणून टाळतो. घरच्यांना वाटतं, आजार मनाला लागला. कंप, गोळीला नसलेली दाद, घासणारा पाय, सकाळची डोकेदुखी आणि हा अबोलपणा या पाच गोष्टी सुट्या सुट्या असत्या तर मी प्रत्येकीला साधं कारण देऊ शकले असते. पाचही एकाच माणसात, एका वर्षाच्या आत जमल्यावर ती मुभा राहत नाही.

डॉक्टरांना कसं विचारायचं, ही तुमची अडचण मला कळते. 'एमआरआय का नाही केला' असं म्हणू नका. असं म्हणा : 'मागच्या भेटीनंतर तीन गोष्टी नव्यानं झाल्या आहेत. रोज सकाळी डोकं दुखतं, पाय घासतो, आणि ते फार गप्प झालेत. पार्किन्सनमध्ये हे सगळं बसतं का?' मग थांबा. कुठलाही चांगला डॉक्टर याला अविश्वास समजणार नाही. ही माहिती आहे, आणि ती फक्त तुमच्याकडेच आहे, कारण त्यांच्याबरोबर घरात तुम्ही राहता. तारखा एका कागदावर लिहून न्या : कंप केव्हा सुरू झाला, पाय केव्हापासून, डोकेदुखी केव्हापासून. मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ घ्या, एक हात मांडीवर ठेवून बसलेले असताना, दुसरा चालून वळतानाचा. तपासणीच्या खोलीत कंप कधी कधी दिसतच नाही. आणि पहिल्यांदा न्यूरोलॉजिस्टनं तपासलेलं नसेल तर आता त्यांच्याकडेच जा.

तोवर गोळ्या मनानं बंद करू नका. फरक नाही म्हणून लिव्होडोपा एकदम तोडली तर अंग ताठरणं, जोराचा ताप, शुद्ध हरपणं असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. निदान स्पष्ट होईपर्यंत त्यांनी गाडी चालवू नये. आणि फिट आली, वारंवार उलट्या सुरू झाल्या, ते सारखे पेंगुळलेले राहू लागले, दिसायला कमी आलं किंवा एका बाजूची ताकद एकदम गेली, तर भेटीची वेळ वगैरे बघू नका. थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या.

एमआरआय बहुधा कॉन्ट्रास्ट देऊन करतील, म्हणजे शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन. त्यानं गाठीच्या कडा उठून दिसतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल, अंगात पेसमेकर किंवा धातूची क्लिप असेल तर आधी सांगा. मशीनचा आवाज मोठा असतो, आत अरुंद असतं. बंद जागेची भीती असेल तर तेही आधीच बोला. सीटी स्कॅन लवकर होतो आणि तातडीत उपयोगी पडतो, पण खोलवरची लहान गाठ त्यात निसटू शकते.

समजा गाठ दिसली. मग लगेच सगळं तिच्यावर ढकलू नका. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथे सर्वसामान्य २००० लोकांचे मेंदूचे एमआरआय केले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १.६ टक्के लोकांमध्ये साध्या गाठी निघाल्या, बहुतेक मेनिंजिओमा, आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. एखाद्याला पार्किन्सनही असू शकतो आणि योगायोगानं एक निरुपद्रवी गाठही. म्हणून शल्यविशारदांना स्पष्ट विचारा : गाठ उजवीकडे आहे का, कारण त्रास डावीकडे आहे? हालचालीच्या त्या फेऱ्यावर तिचा दाब आहे का? काढली तर कंप कमी होईल अशी अपेक्षा आहे, की फक्त वाढ थांबेल? आजूबाजूची सूज उतरवायला आधी स्टेरॉइड देतात, आणि कधी कधी तेवढ्यानंच हात थोडा शांत होतो. मेंदूच्या आतूनच उगवणाऱ्या ग्लायोमासारख्या गाठीचं गणित वेगळं असतं. तिथे तुकडा काढून तपासणी, मग शस्त्रक्रिया, रेडिएशन, औषधं असा क्रम लागतो, आणि हालचालीचा त्रास त्यानंतरही उरू शकतो. त्यावर स्वतंत्र औषधं आहेत. पिळवटणाऱ्या स्नायूंसाठी बोट्युलिनमची इंजेक्शनं आहेत.

गाठ नाही दिसली तरी एमआरआय वाया जात नाही. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठलेलं रक्त, मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये तुंबलेलं पाणी, लक्षात न आलेले पक्षाघाताचे लहान झटके, यांनीही पार्किन्सनसारखं चित्र होतं, आणि पहिल्या दोन्हींवर शस्त्रक्रियेनं उपाय होऊ शकतो. काहीच नाही निघालं तर पार्किन्सनचं निदान अधिक भक्कम होईल, किंवा त्याच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या आजारांचा विचार सुरू होईल.

हे उत्तर इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं. लहान मूल मान एका बाजूला कलती धरत असेल, चालताना झोकांड्या जात असतील आणि सकाळी उठल्या उठल्या उलट्या होत असतील, तर 'मान अवघडली असेल' म्हणून मालिश करत बसू नका. लहान मेंदूतल्या गाठी मुलांमध्ये अशा दिसतात. मुलाचे डोळे सगळ्या दिशांना वेडेवाकडे उडत असतील आणि अंगाला हिसके बसत असतील तर मेंदूबाहेरची, पोटातली किंवा छातीतली गाठही शोधावी लागते. चेहऱ्याची एक बाजू लवणं बहुतेकदा नसेवर टेकलेल्या रक्तवाहिनीमुळे असतं, क्वचितच गाठीमुळे, पण त्याच बाजूला ऐकू कमी येत असेल तर दाखवा. आणि एकाच हाताला तालावर, थांबता न थांबणारे झटके बसत असतील तर ती हालचालीची विकृती नसून फिट असू शकते. तिचे उपचार अगदी वेगळे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. यांना काय सांगू? ताई, त्यांच्यापासून लपवून त्यांना मशीनमध्ये झोपवता येणार नाही, आणि तसं करूही नका. 'गाठ' हा शब्द पहिल्यांदा तुमच्या तोंडून यायची मात्र गरज नाही. 'गोळी लागू पडत नाही, डोकं दुखतंय, तेव्हा कारण नीट शोधायला आतून एकदा बघून घेऊ' एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. त्यांनी सरळ विचारलं, 'गाठबिठ आहे का?', तर 'ती आहे का ते बघायलाच चाललोय, बहुतेक नसेल' असं सांगा. गप्प माणूस सगळं ऐकत असतो. ते स्वतः होऊन बोलत नसतील तर त्यांच्याशेजारी बसून सकाळच्या डोकेदुखीबद्दल विचारा. कुठे दुखतं, वाकल्यावर किंवा खोकल्यावर वाढतं का, उठून बसल्यावर कमी होतं का. त्यांची उत्तरं त्याच कागदावर उतरवा आणि भेटीला जाताना तो कागद सगळ्यात वर ठेवा.